साडेसातची गोळी

नोकरीची सगळी वर्षं मी साताऱ्यातल्या एकाच शाळेत गणित शिकवलं आणि त्या शाळेत माझा लौकिक एकच होता: बाई तापट आहेत, पण पायऱ्या नीट लिहिल्या तर मार्क देताना हात आखडत नाहीत. उत्तर लांबलेलं मला चालत नाही. बँकेच्या रांगेत चालत नाही, कुकरच्या शिट्टीला चालत नाही, आणि डाव्या स्तनात गाठ लागली तेव्हा तर मुळीच चाललं नाही.

आंघोळ करताना ती हाताला लागली. भिजवलेल्या हरभऱ्याएवढी, टणक, आणि अजिबात न दुखणारी. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "दुखत नाही ना, मग राहू दे. परीक्षा होऊ देत, सुट्टीत बघू." न दुखणाऱ्या गाठीकडे जास्त लक्ष द्यावं, हे मी कुठल्याशा आरोग्य शिबिरात ऐकलं होतं खरं, पण मी धावले ते त्या शहाणपणामुळे नाही, स्वभावामुळे धावले. आठवड्याच्या आत डॉक्टरांपुढे बसले होते. पुढे सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुम्ही लवकर आलात, ही फार मोठी गोष्ट आहे. तेव्हा मी शेजारी बसलेल्या आमच्या यांच्याकडे वळून बघून घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या तापटपणाचं कुणीतरी कौतुक करत होतं.

स्टाफरूममध्ये बातमी फुटली तेव्हा एक मजा झाली. प्रत्येकीच्या नात्यात अशी गाठ झालेली एक बाई होती, आणि ती गेलेली होती. कुणाची मावशी, कुणाची नणंद, कुणाच्या चुलत सासूची बहीण. मी चिडून विचारलं, "अहो, एकही जगली नाही का?" त्यावर चित्रकलेच्या बाई हळूच म्हणाल्या की जगलेल्या बायका कुणाला सांगत नाहीत हो, माझीच थोरली बहीण आहे, पोरीच्या लग्नासाठी लपवलंय. म्हणजे आमच्या स्टाफरूमचा नमुनाच चुकीचा होता. मेलेल्या सगळ्या मोजलेल्या आणि जगलेल्या सगळ्या लपवलेल्या. मी त्याच दिवशी ठरवलं की आपण जगलो तर गावभर सांगत सुटायचं. तेच आता करते आहे.

उपचार सांगलीला घ्यायचे हे मी ठरवलं नाही, यांनीही ठरवलं नाही. ते माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ठरवलं. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो. थोरल्या दिरांचा कुपवाडला लेथ मशीनचा वर्कशॉप आहे, मागे घर आहे. आक्कांचं माहेर कवठे महांकाळजवळच्या एका गावात, शिक्षण चौथी, आवाज शेतातून बांधावर पोचेल असा. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "हिकडं यायचं. साताऱ्यात कोन हाय तुजं?" साताऱ्यात माझं सगळं जग होतं. पण आक्कांच्या हिशेबात माणूस म्हणजे आपल्या घरातलं माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचं दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं, आणि त्याचं कारण सोपं होतं. आम्ही चार दिवसांच्या वर एका घरात कधी राहिलोच नव्हतो.

आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. यांचा खाक्या असा, की रिपोर्ट हातात आल्याशिवाय घाबरायचं नाही, आणि आल्यावर घाबरायला वेळ नसतो. त्यांनी एक निळी फाइल केली, तिला पानांचे नंबर घातले आणि ती काखेत मारून माझ्या पुढे चालू लागले. मला वाटे, मी फाइलची पेशंट आहे.

डॉक्टरीणबाई माझी विद्यार्थिनी शोभाव्यात अशा वयाच्या. मी खुर्चीत बसताक्षणी विचारलं, "शंभरातल्या किती जगतात? मला आकडा सांगा. मी गणिताची बाई आहे, मला आकड्यांची भीती वाटत नाही."

त्या म्हणाल्या, "आकडा आहे, पण आज सांगता येणार नाही. अजून गणितातली सगळी माहिती हातात नाही." मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. गाठ केवढी आहे, काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचली आहे का, आतल्या पेशी शांत आहेत की दांडगट. हे ऑपरेशननंतर कळेल. त्यानंतर अजून एक चाचणी. ही गाठ शरीरातल्या हार्मोनवर पोसली जाते का ते बघायचं. तशी असेल तर तिला उपाशी ठेवणारी गोळी आहे, नसेल तर रस्ता वेगळा आणि अवघड. "आणि शेवटचा मुद्दा तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "दिलेले उपचार शेवटपर्यंत पुरे करायचे." हे शेवटचं मी नीट ऐकलंच नाही. वर्गात सगळ्यात सोपी पायरी पोरं अशीच सोडून देतात.

ऑपरेशन झालं. गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढला, बाकी शरीर माझं मला परत मिळालं. काखेतल्या ग्रंथी साफ निघाल्या. गाठ लहानच होती. पेशी फार शांत नव्हत्या, फार दांडगटही नव्हत्या, आमच्या नववी ब सारख्या. आता राहिली ती हार्मोनची चाचणी, आणि तिथेच आमच्या घराण्याने आपला हात दाखवला.

ही चाचणी सांगलीतच दुसऱ्या एका लॅबमध्ये व्हायची होती. तिथे न्यायचा माल पेशंटच्या माणसांच्या हाती देतात, हे मला तेव्हा कळलं. शनिवारी दुपारी यांच्या हातात एक छोटं पाकीट आलं. आत मेणाचा एक चौकोनी ठोकळा, कॅरमच्या सोंगटीपेक्षा जरा मोठा, खाली प्लास्टिकची जाळी, तिच्यावर नंबर. त्या मेणात माझ्या गाठीचा तुकडा बसवलेला. "गाठ लहान होती, त्यामुळे चाचणीला पुरेल असा हा एकच ठोकळा आहे, जपून न्या," असं बजावलं होतं. लॅब सोमवारी उघडणार. म्हणजे दीड दिवस तो ठोकळा आमच्याकडे. यांनी तो कुपवाडच्या घरी आणला आणि फौजी विश्वासाने आक्कांच्या हातात देऊन सांगितलं, "वहिनी, हे जपून ठेवा. हिचं सगळं यावर आहे."

सोमवारी सकाळी हे पाकीट मागायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. म्हणून मी, काखेतली जखम सांभाळत, आत गेले. देवघरात आक्का उभ्या, हे उभे. समोर चांदीच्या ताटलीत, गणपती आणि खंडोबाच्या मधोमध, माझा ठोकळा. वर हळद. हळदीवर कुंकू. कडेला झेंडूचं फूल. आणि निरांजन इतकं जवळ, की ठोकळ्याचा एक कोपरा मऊ होऊन खाली झुकलेला.

मी ओरडले. शाळेत ओरडायचे त्याहून मोठ्याने ओरडले. वर्कशॉपमधलं मशीन कुणीतरी बंद केलं.

"आक्का, तो काय नवीन ट्रॅक्टर आहे का, हळदकुंकू वाहायला! त्या ठोकळ्यात माझी पुढची वर्षं आहेत!"

"व्हय की," आक्का म्हणाल्या, जराही न घाबरता. "म्हनूनच तर. भावजी म्हनलं, तुजं सगळं ह्याच्यावर हाय. मग देवापुढं न्हाई तर काय फ्रिजमंदी ठिवायचं? आन मोकळ्या कपाळानं कसं पाटवायचं?"

त्या घराची रीतच तशी होती, हे मला माहीत असायला हवं होतं. देवापुढे ठेवल्याशिवाय तिथून काहीच बाहेर जात नाही. नव्या ऑर्डरचा पहिला तयार नग, पुतण्याचं परीक्षेचं हॉल तिकीट, मोटारसायकलची किल्ली, सगळ्यांना आधी कुंकू. यात आक्कांची चूक म्हणावी तर त्यांनी माझ्या गाठीला घरचं मानलं एवढीच. पण त्या वेळी मला हे सुचणार कसं? मी रडत होते, आणि रडताना माझा डावा हात वर जात नव्हता म्हणून डोळे पुसायलाही एकच हात होता. मला खरोखर वाटलं की आता काही कळणार नाही, डॉक्टरीणबाई अंदाजाने औषध देतील आणि मी अंदाजाने मरेन.

आम्ही तिघं रिक्षाने लॅबमध्ये गेलो. येऊ नका म्हटलं तरी आक्का आल्या. खिडकीमागे चष्मा लावलेल्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी ठोकळा उचलला, उजेडात धरला, नाकाजवळ नेला आणि विचारलं, "कुंकू आहे ना? ओलं करून लावलंत की कोरडं?"

"कोरडं," आक्का म्हणाल्या.

"मग बरं. ओलं असतं तर खरवडायला त्रास." त्यांनी एका पातीने वरचा लाल थर अलगद काढून टाकला. "पेशी आत मेणात आहेत. वरून लावलेलं आत जात नाही. हा कोपरा मऊ झालाय, तो पुन्हा मेण ओतून बसवून घेऊ. मागच्या महिन्यात एकांनी अंगारा लावून आणला होता." मग त्या आक्कांकडे बघून गंभीरपणे म्हणाल्या, "पुढच्या वेळी पाकिटावर लावा. आतल्याला पोचतं."

बाहेर आल्यावर मी आक्कांची माफी मागणार होते. तेवढ्यात आक्काच म्हणाल्या, "बग, देवानं ठिवला का न्हाई नीट?" मग मी नाही मागितली.

रिपोर्टला आठ-दहा दिवस लागले. ते दिवस मी कुपवाडला काढले आणि घरातल्या सगळ्यांना छळलं. पुतण्याची जुनी गणिताची पुस्तकं काढून उदाहरणं सोडवत बसायची, आणि उत्तर पुस्तकाच्या मागे दिलेल्या उत्तराशी जुळलं की मला जरा बरं वाटायचं. एकदा आक्का म्हणाल्या, "मागं उत्तर छापल्यालं हाय, तर सोडवतीस कशाला?" मी पान उलटून पुढचं उदाहरण घेतलं.

रिपोर्ट चांगला आला. गाठ हार्मोनवर पोसणारी निघाली. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, "हिचं रेशन तोडता येतं. केमोची गरज मला वाटत नाही. तीन-चार आठवडे किरणोपचार, आणि मग रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. रोज चालायचं, वजन वाढू द्यायचं नाही." यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसण्याच्या निमित्ताने डोळे पुसले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

"आता आकडा," मी म्हणाले.

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये माझं वय घातलं, गाठीची लांबी घातली, ग्रंथी साफ असल्याचं, पेशींचा स्वभाव, हार्मोनचा निकाल, सगळं घातलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. तो माझ्या वयाचा आणि माझ्या गाठीचा होता. वाचणारी कुणी तो स्वतःला लावून घेईल आणि तिचं गणित चुकेल. चांगला होता एवढं सांगते. आक्कांनी विचारलं, "किती मार्क पडलं?" मी म्हटलं, "फर्स्ट क्लास." त्यांनी तिथेच पिशवीतून पेढे काढले. कुठलाही निकाल लागला असता तरी पेढे पिशवीत होतेच, हे नंतर कळलं.

पण डॉक्टरीणबाईंनी आकड्याच्या शेजारी बोट ठेवलं. "हा गोळी धरून आहे. गोळी रोज घेतली तर. नाही घेतली तर हा तुमचा आकडा नव्हे." म्हणजे उत्तराला अट होती. अट लिहायला विसरलेल्या पोरांचे मी वर्षानुवर्षं मार्क कापले होते. मी मान डोलावली. आक्कांनी मात्र मान डोलावली नाही, त्या पुढे सरकल्या. "म्हंजी बाकीचं जे हाय ते झालं. आता एवडं एकच आपल्या हातात ऱ्हायलं, न्हवं?"

"एवढंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

किरणोपचाराचे आठवडे मी आक्कांकडे राहिले. त्या किरणोपचाराला 'लाईट' म्हणत. "चल, लाईट घ्याला." रोज सकाळी कारखान्यांकडे निघालेल्या शेकडो दुचाकी समोरून येत असायच्या, आणि आमची रिक्षा एकटी उलट्या दिशेने. आक्का बरोबर डबा घ्यायच्या, आणि वेटिंग हॉलमधल्या निम्म्या बायकांना भडंग खायला घालायच्या. एकदा तर आत बोलावणं आलं तेव्हा मी घास तोंडात धरूनच मशीनखाली झोपले होते. त्या चार आठवड्यांत आमची भांडणंही भरपूर झाली, भाजीत गूळ घालण्यावरून, पंख्यावरून, टीव्हीवरून. मला वाटतं, त्यामुळेच मी लवकर बरी झाले.

साताऱ्याला निघताना आक्कांनी करार केला. "मी रोज सकाळी साडेसातला तुला मिस कॉल दीन. गोळी घेतलीस की तू मला उलटा द्याचा."

"आक्का, आता फोन फुकट असतात. सरळ बोलू की."

"फुकट हाय म्हनून काय रोज उटून बोलायचं? रोज काय असतंय बोलायला?"

तर साडेसातला माझा फोन एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. मी गोळी घ्यायची, पाणी प्यायची, आणि उलट एक मिस्ड कॉल द्यायचा. सांगली-साताऱ्याच्या मध्ये एवढं अंतर, पण साडेसात कधी सातचाळीस झाले नाहीत. पहिली दोन वर्षं झकास गेली. गोळी घ्यायची, डोंगरावरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून यायचं, शाळेत जायचं. वजन उतरलं. डॉक्टरीणबाई दर सहा महिन्यांनी तपासायच्या आणि छान म्हणायच्या.

तिसऱ्या वर्षी माझी बोटं रुसली. सकाळी उठलं की मुठी वळायच्या नाहीत. गुडघे कुरकुरायचे ते वेगळंच, पण बोटांचं दुःख मोठं, कारण खडू धरता येईना. फळ्यावर मी वर्तुळ हाताने काढायची, कंपासशिवाय, आणि ते गोल यायचं. एवढाच माझा एक अभिमान. आता ते बटाट्यासारखं येऊ लागलं. पोरं हसली नाहीत, याचं जास्त वाईट वाटलं. हे गोळीमुळे होतं हे मला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की असं काही झालं तर फोन करा. मी फोन केला नाही. फोन केला तर त्या गोळी घ्याच म्हणतील, असं मीच ठरवून टाकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गोळी बंद केली. चार दिवस बघू म्हणून केली. पंधरवड्यात फरक दिसायला लागला, करंज्यांना मुरड घालता आली. मग मी अजून चार दिवस म्हटलं. शाळा सुरू झाली, फळ्यावर वर्तुळ पुन्हा गोल आलं, आणि त्या आनंदात मी पुढचं सगळं ढकललं. हे अधूनमधून गोळ्यांची पट्टी तपासायचे, फौजी तपासणी. म्हणून मी रोज एक गोळी पट्टीतून काढायची आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायची. कढीपत्त्याला काही झालं नाही, उलट तो जोमाने वाढला.

आणि साडेसातला आक्कांचा मिस्ड कॉल आला की मी उलटा द्यायची. रोज. मनाची समजूत अशी घालायची, की मी कुठे काही बोलते आहे? फोन वाजतो आणि बंद होतो, त्यात खोटं कुठे आलं? तापट माणसं खोटं बोलत नाहीत असा माझा स्वतःबद्दल समज होता. तो तीन महिने टिकला.

फेब्रुवारीत सहामाही तपासणीसाठी आम्ही आदल्या दिवशी कुपवाडला गेलो. डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं, ते मी रस्त्यात ठरवत होते. काहीच सांगायचं नाही, असं पेठनाक्यापर्यंत ठरलं होतं. सकाळी मी स्वयंपाकघरात चहाला गेले, तर आक्का जरीकाठाचं नेसून तयार, आणि स्टुलावर चढून भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढत होत्या.

"हे कशाला?"

"डॉक्टरीनबाईस्नी दाखवाया. दर बारीला इचारत्यात ना, गोळ्या चुकल्या काय म्हनून. तू आपली तोंडानं न्हाई म्हंतीस. अगं, लिव्हल्यालं दाखवावं."

त्यांनी कॅलेंडर माझ्या हातात दिलं. प्रत्येक घरात असतं तसंच. तारखेच्या चौकोनात डाव्या कोपऱ्यात दुधाचे खाडे मांडलेले. दूधवाला ज्या दिवशी आला नाही त्या दिवशी फुली. आणि त्याच चौकोनात उजव्या कोपऱ्यात, निळ्या पेनने, एक छोटी बरोबरची खूण.

"ह्या तुज्या," आक्का म्हणाल्या. "मिस कॉल आला की मांडती." आणि शेल्फावरून त्यांनी गुंडाळी काढली. मागच्या वर्षाचं कॅलेंडर, त्याच्या मागच्या वर्षाचं, आणि त्याच्याही. "दुदवाल्याचं बग किती खाडं हायत. मेव्हन्याचं लगीन काय, म्हस काय. तुजा एक न्हाई. गावात कुनाकडं असं कॅलेंडर न्हाई."

मी नोव्हेंबर उघडला. मग डिसेंबर. मग जानेवारी. दूधवाल्याच्या फुल्या होत्या. माझ्या सगळ्या खुणा बरोबर. ओळीने बरोबर. आक्का लिहायला अवघडतात, त्यामुळे प्रत्येक खूण जरा थरथरलेली आणि कष्टाने काढलेली. आयुष्यात मी हजारो पेपर तपासले, पण असं काही बघायची वेळ कधी आली नव्हती. मला लाज वाटली. नुसती लाज नाही, भीतीही वाटली, कारण त्या खुणांकडे बघताना मला पहिल्यांदा नीट समजलं की मी काय सोडून दिलं होतं.

"आक्का, हे दाखवू नका," मी म्हणाले. "हे खोटं आहे. दिवाळीपासूनचं सगळं खोटं आहे. मी गोळी घेत नव्हते."

मी त्यांना बोटांचं सांगितलं, खडूचं, वर्तुळाचं, कुंडीचंही सांगितलं. हे दारात येऊन उभे होते आणि त्यांनीही सगळं ऐकलं. आक्कांनी पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"मग खरं लिव."

मी ओट्याशी उभी राहून एकेका खुणेवर फुली मारली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचे दिवस. बरंच होतं. माझी बोटं त्या दिवशी फार छान चालत होती.

डॉक्टरीणबाईंनी ती कॅलेंडरं टेबलावर पसरून बघितली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, खूप जणी अशा गोळी सोडतात, आणि बहुतेक जणी सांगत नाहीत, मग आम्ही आपलं सगळं ठीक आहे असं धरून चालतो. तपासलं, सगळं जागच्या जागी होतं. "तीन महिन्यांनी घर बुडत नाही. पण हा आजार घाईत नसतो, तो वर्षानुवर्षं वाट बघू शकतो. आपल्यालाही तेवढंच थांबावं लागतं." त्यांनी गोळी बदलून दिली, त्याच कामाची पण दुसरी, बोटांचे व्यायाम दिले आणि सांगितलं, "दुखलं तर मला फोन. कुंडीला नाही." मग आक्कांना विचारलं, "हे रोज तुम्ही मांडलंत?" आक्कांनी कॅलेंडरं उचलून गुंडाळायला घेतली.

रिक्षात हे पुढे ड्रायव्हरजवळ बसले, आम्ही दोघी मागे. आक्का बाहेर बघत होत्या. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण आम्हाला येतं. कुपवाडचा फाटा आला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"दुदाचा खाडा पडला तर आमी कोरा च्या पितो. तुजा खाडा पडला तर काय करायचं? तू गनित शिकवतीस. मला सांग."

मी त्यांचा हात धरला. घर येईपर्यंत तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्यात होते. साडेसातला त्यांचा मिस्ड कॉल आला का, तर आला. एकदा वाजून बंद झाला. मी नवी गोळी हातावर घेतली आणि आक्कांना फोन लावला. एका रिंगला तोडला नाही, वाजू दिला. त्यांनी उचलला. मी गोळी जिभेवर ठेवली, तांब्या तोंडाला लावला, आणि गटागटा पाणी पिण्याचा आवाज त्यांना पुरता ऐकू जाईपर्यंत फोन गळ्याजवळ धरून ठेवला.

"ऐकलं," आक्का म्हणाल्या, आणि फोन ठेवला.